पाइप, मीठ आणि खोकल्याचे औषध

ता. शेवगाव,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय गहिनीनाथ यास जॉर्ज भिंगारदिवेचा सलाम.

माझे कान आता जवळजवळ गेले आणि तुझ्या भंडारदऱ्याच्या डोंगरात फोनला रेंज नाही. म्हणून पत्र लिहितो. शिक्षण सहावीपर्यंतच झाले, अक्षराला हसू नको. हे पत्र पोचेल की नाही याचीही काळजी आहे, कारण तिकीट नीट चिकटले नव्हते, शेवटी भाताचे शीत लावले.

बातमी आनंदाची आहे. माझी नात एंजेला, डॅनीची मुलगी, नगरला नर्स आहे ती, तिचे जमत आले आहे. मुलगा संगमनेरचा. त्याचे आजोबा पॉल उमाप म्हणून आहेत, दूध संघातून रिटायर झालेले. त्यांच्या घरात त्यांचाच शब्द चालतो. गेल्या शनिवारी सगळे आले होते. पॉलसाहेब म्हणाले, "आम्ही हुंडा बघत नाही, शेत बघत नाही. घरात बाटली नसावी, एवढंच." ते त्यांच्या चर्चच्या मंडळीच्या नशाबंदी समितीचे अध्यक्ष आहेत. मी म्हणालो, आमच्या घरात तीन पिढ्यांत बाटली आलेली नाही, आणि मी स्वतः मंडळीचा पंच आहे. ते खूश झाले.

मग त्यांनी खिशातून पाइप काढला! तंबाखू नशेत येत नाही, असा त्यांच्या समितीचा ठराव आहे म्हणे. मलाही धीर आला आणि मी माझा काढला. तोच, तू मला लग्नात दिलेला. कॅन्टोन्मेंटच्या मेसमध्ये तू बेअरर आणि मी माळी होतो, तेव्हा एक कर्नल बदलून जाताना तुला देऊन गेले होते तो.

इथेच घोटाळा झाला. तुला माहीत आहे, मी त्यात बाजारातली काळी तंबाखू भरतो. एंजेला म्हणते, "आजोबा, गोणपाट जळाल्यासारखा वास येतो." पॉलसाहेबांनी माझा पाइप हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटले त्यांना घेरी आली. मी पाणी मागवले. जाताना मात्र त्यांनी मला स्वतःच्या तंबाखूचा डबा भेट दिला. दुबईहून पुतण्या पाठवतो. उघडला की गोळ्याबिस्किटांच्या दुकानात गेल्यासारखे वाटते. म्हणाले, "नाताळानंतरच्या शनिवारी तारीख काढायला येतो. तेव्हा आपण दोघं म्हातारे ओट्यावर बसून पाइप ओढू. फक्त तुमचा साफ करून घ्या. जुन्या तंबाखूवर ही भरली तर हिची चव मरते."

म्हणजे त्यांना माझ्या पाइपची घाण वाटली. बरोबर ना? आता तो साफ कसा करायचा? चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधी केला नाही. आमच्याकडे चिलीम निखाऱ्यात घालून साफ करतात. तसे करू का? लवकर कळव. रात्री झोप लागत नाही.

बनुबाईंना सलाम.

तुझा जॉर्ज


भंडारदरा, ता. अकोले,
२० नोव्हेंबर २०२५

जॉर्ज्या, रामराम.

निखाऱ्यात घालू नकोस! चिलीम मातीची असते, पाइप लाकडाचा आहे. तो निखाऱ्यात घातलास तर व्याह्यांना ओट्यावर बसून कोळसा दाखवावा लागेल.

तुझं पत्र ज्ञानेश्वरीने मोठ्याने वाचून दाखवलं. माझी लेक वाचत होती आणि बनुबाई भात पाखडता पाखडता ऐकत होती. म्हणाली, "या भावजींना काळजी करायला काही नसलं तर काळजी नाही म्हणून काळजी करतील."

आता नीट ऐक. मी त्या कर्नलसाहेबांना दर रविवारी पाइप साफ करताना बघितलं आहे. हात मात्र कधी लावला नाही, लावू देत नसत. पण बघितलेलं विसरलो नाही. आधी पाइप थंड असू दे. गरम असताना दांडी पिरगळलीस तर मोडेल. थंड झाल्यावर दांडी हळूच फिरवत काढ. पाइपच्या वाटीच्या आत, जिथे तंबाखू भरतोस तिथे, काळी खरपूड धरली असेल, ती बोथट चाकूने खरवड, पण सगळी नाही. पातळ थर राहू दे. लाकूड उघडं पडलं तर तेच जळतं.

मग नळी. साहेबांकडे लोकर गुंडाळलेल्या तारा असायच्या. तू कोंबडीचं पीस घे. आणि वाटीत जाडं मीठ भर, ते रमने भिजव आणि रात्रभर ठेव. जुन्या तंबाखूचा वास मीठ ओढून घेतं. पीससुद्धा रममध्येच बुडवायचं. पाण्याने लाकूड फुगतं, रम उडून जाते.

झालं. यात झोप उडण्यासारखं काय आहे?

तुझा गहिनीनाथ


ता. शेवगाव,
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय गहिनीनाथ,

झोप उडण्यासारखे काय आहे म्हणतोस? रम आहे!

अरे, मी मंडळीचा पंच. शेवगावात ज्या दुकानात ती मिळते त्याच्या समोरच आमच्या मंडळीतल्या आप्पासाहेबांचे टायरचे दुकान आहे. मी त्या फुटपाथवर नुसता चप्पल नीट करायला वाकलो तरी रविवारी उपासनेआधी गावभर होईल. डॅनीला सांगावे तर तो सुनेला सांगणार. जेनिफरच्या माहेरी दारूनेच दोन भाऊ गेले, तिच्यासमोर हा शब्दसुद्धा काढता येत नाही. आणि पॉलसाहेबांची ती एकच अट!

मी दुसरे काही चालते का ते बघितले. चर्चमधल्या प्रभुभोजनाला आमच्याकडे द्राक्षाचा रस असतो, पण त्यात नशा नसते. शिवाय त्याने पाइप धुणे पाप होईल का, हे पाळकसाहेबांना विचारायची हिंमत होत नाही. लोणच्याचा व्हिनेगर हुंगून बघितला. नको वाटले. घरात थोडे रॉकेल आहे. ते चालेल का? की चहात उकळू?

काल खरवडायला घेतले होते. एवढी काजळी निघाली की माझ्या धोतराची चूल झाली. आत लाकूड कुठे सुरू होते तेच कळेना, म्हणून भिऊन थांबलो. पाइप फुटला तर पॉलसाहेबांना काय दाखवू?

दिवस भराभर चालले आहेत.

तुझा जॉर्ज

ता. क. : रॉकेलचे आधी कळव.


भंडारदरा,
४ डिसेंबर २०२५

जॉर्ज्या,

रॉकेल घालून काडी ओढलीस तर तारीख काढायला आलेले लोक तुझ्या मातीला थांबतील. चहात उकळू नकोस. कशातच उकळू नकोस.

बाटलीची व्यवस्था मी केली आहे. जुन्या औषधाच्या बाटलीत भरली, वर कागद चिकटवला आणि ज्ञानेश्वरीकडून लिहून घेतलं : "खोकल्याचे औषध. फक्त जॉर्ज भिंगारदिवे यांच्यासाठी. दुसऱ्याने घेऊ नये." ती लिहिताना इतकी हसली की अक्षर वाकडं आलं आहे, म्हणजे डॉक्टरचं वाटेल. गोरक्ष जीपवाला ती संगमनेरपर्यंत नेईल. तिथून त्याच्या ओळखीचा कंडक्टर शेवगावच्या एस.टी.त घालेल. तू स्टँडवर जाऊन घे.

संगमनेर वाचून आता छातीवर हात ठेवू नकोस. तुझे पॉलसाहेब स्टँडवर बसून बाटल्या हुंगत नाहीत.

काळजी एकच कर. मीठ वाटीतच भर. नळीत गेलं तर मग पाइप न ओढता वाजवावा लागेल.

गहिनीनाथ


ता. शेवगाव,
१३ डिसेंबर २०२५

प्रिय गहिनीनाथ,

बाटली पोचली. पाऊणच भरलेली होती. बूच घट्ट, कागद कोरडा, कुठे गळल्याची खूण नाही. पाव बाटली कुठे गेली ते तू, गोरक्ष जीपवाला आणि देव यांनाच ठाऊक.

काम केले. शेजारच्या पुंजारामच्या कोंबड्याचे एक पीस घेतले. कोंबडा दिवसभर दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. खोलीचे दार लावून पीस रममध्ये बुडवले आणि नळीतून फिरवले. पहिल्या वेळी जे निघाले त्याला गाडीचे वंगण म्हणावे लागेल. पीस बदलायला पुन्हा कोंबड्याकडे जावे लागले. वाटीत मीठ भरून रमने भिजवले आणि पाइप कॅलेंडरच्या मागे फळीवर ठेवला. सकाळी मीठ काळे झाले होते! ते काढले, पुन्हा दुसरे घातले. बाटली धान्याच्या कोठीत खाली ठेवली आहे. आतला वास गेला बघ. फक्त आता रमचा येतो. खोलीतही येतो. पाइप रोज उन्हात ठेवतो.

पण गहिनीनाथ, पाइप राहू दे. मला दुसरेच लिहायचे आहे. नीट वाच आणि बनुबाईंना एवढ्यात सांगू नकोस.

माझे काहीतरी बरे नाही, आणि घरातले सगळे ते माझ्यापासून लपवत आहेत.

मीठ भिजवले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. जेनिफर सकाळी माझ्या खोलीत चहा घेऊन आली, दारातच थांबली आणि चहा घेऊन परत गेली. थोड्या वेळाने लिंबूपाणी आणून दिले. मी मागितले नव्हते. तेव्हापासून रोज लिंबूपाणी. बोलत नाही, ग्लास ठेवते आणि जाते. एंजेला सुट्टीवर आली. तिने बॅटरी मारून माझे डोळे बघितले, पापण्या ओढून ओढून. मग उजव्या बरगडीखाली बोटे रुतवून विचारते, "आजोबा, इथं दुखतं का?" मी म्हणालो, बोट रुतवलेस तर दुखणारच. ती गप्प झाली. नर्स गप्प झाली की समजावे.

डॅनी तर मला गोठ्यात घेऊन गेला. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून कानाशी ओरडला, "बाबा, आईची आठवण येते का?" सारा जाऊन सात वर्षे झाली. मी म्हणालो, येते की. तर त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "मला सांगायचं ना. एकट्याने कशाला..." आणि तोंड फिरवले.

काल पाळकसाहेब सहज म्हणून आले. त्यांनी नोहाची गोष्ट वाचली. तारवाची नाही, त्यानंतरची, द्राक्षमळ्याची. म्हातारपणी नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला ती. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. नोहाचे आमच्याकडे काय काम ते मला कळेना. बहुतेक म्हाताऱ्या माणसांसाठी शेवटची म्हणून तीच वाचत असतील.

एंजेलाचे लग्न बघायला मिळावे एवढीच इच्छा आहे. काही झाले तर पाइप तुझ्याकडे परत येईल, तसे डॅनीला सांगून ठेवतो. तो स्वच्छ आहे.

तुझा जॉर्ज


भंडारदरा,
१८ डिसेंबर २०२५

अरे बावळटा!

तू मरत नाहीस. त्यांना वाटतंय तू पितोस!

खोली बंद. खोलीत रमचा वास. सकाळी डोळे लाल, कारण तू काळजीने झोपत नाहीस. मग लिंबूपाणी कशाचं? उतरवायचं! एंजेलाने बरगडीखाली काय चाचपलं? लिव्हर! पाळक नोहा कशाला वाचतात? आणि डॅनी रडतोय, की आई गेल्याच्या दुःखाने बाप म्हातारपणी बाटलीला लागला.

बनुबाईला सांगू नको म्हणालास, पण मी इतका हसलो की तिला सांगावंच लागलं. मग ती हसली. मग सुपातला भात सांडला.

आता हसायचं बंद करून लिहितो. हे पत्र मिळताच सगळ्यांना बसव आणि खरं सांग. संगमनेरचे लोक येण्याआधी सांग. जेनिफर बिचारी सासऱ्याचं लपवू की व्याह्यांना सांगू या विचारात असेल. तिच्या तोंडून अर्धं काही बाहेर पडलं तर पोरीचं लग्न जाईल आणि ते तुझ्या त्या काळजी करण्याच्या खोडीमुळे जाईल. जा, ऊठ.

गहिनीनाथ

पाव बाटलीचं म्हणशील तर घाटात वळणं फार आहेत.


ता. शेवगाव,
२९ डिसेंबर २०२५

प्रिय गहिनीनाथ आणि बनुबाई यांना सलाम. नाताळचा फराळ वेगळा पाठवला आहे, करंज्या फुटल्या असतील तर कळवा.

तुझे पत्र चोवीस तारखेला सकाळी मिळाले. जेवणाआधी सगळ्यांना बसवले, कोठीतून बाटली काढली आणि मध्ये ठेवली. जेनिफरने पदर तोंडाला लावला. मी सगळे सांगितले. कर्नल, मीठ, पीस, सगळे.

डॅनी बाटली उजेडात धरून म्हणाला, "बाबा, अर्धीच आहे. बाकीची?"

"पाव बाटली घाटात गेली. उरलेली पाइपने प्यायली."

"पाइपने!"

"दोनदा भिजवला. पीसही बुडवले. हवे तर पुंजारामच्या कोंबड्याला विचार. त्याला सगळे माहीत आहे."

कोणाचा विश्वास बसेना. शेवटी एंजेलाने पाइप हातात घेतला, हुंगला आणि खाली जमिनीवरच बसली. तिला हसू आवरेना. "मम्मी, खरंच! आजोबा नाही, पाइप पिऊन बसलाय!" जेनिफर आधी रडली, मग हसली, मग मला रागावली. "मामा, मी बारा दिवस उपास धरला तुमच्यासाठी!" मला फार वाईट वाटले. पण खरे सांगतो, आपण मरत नाही हे कळल्याचा आनंदही होता. त्या दिवशी मला चहा मिळाला.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी पॉलसाहेब आले. पाइपमधला तो वास गेलेला नव्हता. उन्हात ठेवला, वाऱ्यावर ठेवला, आत लवंग घालून बघितली. डॅनी म्हणाला, "बाबा, पाइप हरवला म्हणून सांगा." जेनिफर म्हणाली, "खोटं सांगायचं नाही. पण त्यांच्या नाकाजवळ नेऊ नका."

जेवणे झाली. बायका आत, मुले मळा बघायला. आम्ही दोघे ओट्यावर. मी त्यांचा दुबईचा डबा काढून समोर ठेवला आणि पाइप भरायला घेतला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"जॉर्जराव, ती राहू द्या. तुमची ती काळी काढा."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. मी कान पुढे केला.

"काळी! काळी!" ते ओरडले. "त्या दिवशी तुमचा पाइप हुंगला आणि डोळे उघडावेसेच वाटेनात. अहो, आमच्या घरात काळी ओढू देत नाहीत. सून म्हणते पडद्यांना वास लागतो. बारा वर्षं हा गोळ्याबिस्किटांचा धूर काढतोय. डबा तुम्हाला उगाच दिला का? म्हटलं, एक तरी घरातून गेला. आणि तुमची ओढायची म्हणून मी माझा पाइप चांगला साफ करून आणलाय!"

"पण तुम्ही तर मला साफ करायला सांगितला!"

"तसं म्हणावं लागतं हो. सून ऐकत होती."

मी कपाळावर हात मारला. मी माझा त्यांच्या तंबाखूसाठी साफ केला आणि त्यांनी त्यांचा माझ्या तंबाखूसाठी. माझी काळी तंबाखू तर मी गोठ्याच्या आढ्यावर टाकून ठेवली होती. सुदैवाने फेकवली नव्हती. शिडी लावून काढून आणली. म्हशीने ओळखली, खोकली.

परत आलो तर माझा पाइप पॉलसाहेबांच्या हातात! जेनिफर दारात आली होती, तिच्या हातातले ताट तसेच राहिले. त्यांनी पाइप उन्हात धरून आत बघितले. "वा! काम चांगलं केलंय हं." आणि नाकाशी नेला.

डोळे मिटले नाहीत या वेळी. उलट मोठे झाले.

"जॉर्जराव, हा कसला वास?"

मी पंच आहे, गहिनीनाथ. खोटे बोलायचे नव्हते. पण तोंडातून तेच निघाले जे बाटलीवर लिहिले होते. "खोकल्याच्या औषधाचा."

त्यांनी पाइप पुन्हा हुंगला. मला एंजेलाचे सगळे लग्न डोळ्यांसमोर मोडताना दिसले, मांडवासकट. काहीतरी करायचे म्हणून मी त्यांचा पाइप उचलला आणि भरायच्या निमित्ताने नाकाजवळून नेला. एकदा नेला. पुन्हा नेला. माझे कान गेले आहेत, नाक शाबूत आहे.

तोच वास!

मी त्यांच्याकडे बघितले. ते डोंगराकडे बघत होते. आमच्याकडे डोंगर नाही.

"पॉलसाहेब, तुम्हालाही खोकला आहे का?"

"आहे," ते म्हणाले, "पाइप साफ करायचा असला की येतो. समितीचा अध्यक्ष झाल्यापासून औषध मिळायला फार त्रास पडतो."

मग आम्ही दोघे जे हसलो! ते खरेच खोकायला लागले आणि मी त्यांची पाठ चोळली. त्यांनी माझी काळी भरली, मी त्यांची दुबईची. मला विचारशील तर तिच्यात काही दम नाही, बडीशेप ओढल्यासारखे वाटते. पण धूर दिसायला चांगला. ते मात्र दोन झुरके घेऊन भिंतीला टेकले आणि आत हाक मारली, "तारीख काढा रे! घर चांगलं आहे."

मे महिन्यातला दुसरा शनिवार ठरला आहे. त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये लग्नाची पुकार होईल, कोणाची हरकत आहे का म्हणून.

निघताना पॉलसाहेब माझ्या कानाशी लागले आणि काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आले नाही. पुन्हा पुटपुटले. मी म्हणालो, जरा मोठ्याने. तेव्हा जीपमध्ये बसलेली त्यांची सून, डॅनी, जेनिफर, एंजेला आणि कुंपणावरून बघणारा पुंजाराम, सगळ्यांसमोर समितीच्या अध्यक्षांनी विचारले,

"म्हटलं, औषध कुठून मागवता?"

तेव्हा लग्नाला तुम्ही दोघे आणि ज्ञानेश्वरी आठ दिवस आधीच या. येताना खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आण. आणि गहिनीनाथ, घाटात वळणे असतीलच, पण या वेळी बाटल्या बनुबाईंच्या हातात दे.

तुझा जॉर्ज